उसाचा हंगाम, रात्रीचा रस्ता आणि आपली टू-व्हीलर

मार्कंडेयकाठ

मंडळी नमस्कार. हा धागा गेल्या वर्षीच काढायला हवा होता. तेव्हा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता, नंतर राहून गेलं. आता परत ट्रॉल्या सुरू झाल्यात, म्हणून लिहितो.

मी बेळगावजवळच्या कडोली भागातला. अकरा वर्षं उद्यमबागला कामाला जातोय. दुसरी पाळी सुटली की तिसरं गेट, गोगटे सर्कल, चन्नम्मा सर्कल, मग कंग्राळीवरून घर. गावातल्या ट्रॅफिकची भीती वाटायची, कंग्राळी मागे पडली की जीव निवांत व्हायचा. रस्ता मोकळा, गार वारा, घर जवळ. पडलो तो नेमका तिथंच.

माघ महिना होता, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. समोरून एक पिकअप अप्पर लावून आला. मी डिप्पर दिला, त्यानं काही केलं नाही. दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. तो पार झाला आणि त्या पांढऱ्यातून काळं बाहेर यायच्या आत पुढचं चाक दगडावर गेलं. टायर फुटलेली उसाची ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी होती. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं मागे तीन दगड आणि बाभळीची एक फांदी ठेवली होती, आपल्याकडं ठेवतात तशी. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी आडवा होऊन घसरत गेलो आणि डोकं ट्रॉलीच्या मागच्या चॅनलला लागलं.

गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे घरी. हेल्मेट मात्र मी अजून ठेवलंय. बाहेरून बघाल तर चार बोटं लांबीचा ओरखडा, बाकी काही नाही. आतलं कापड काढून बघितलं तर थर्माकोल अंगठा बुडेल एवढा दबलाय. तो खड्डा माझ्या कवटीला पडला असता. धाकटा म्हणाला, रंग मारून वापरूया की. मी नको म्हटलं. दबलेला थर्माकोल परत फुगत नाही, दुसऱ्या वेळी तो काही कामाचा नाही.

घरी बसून एकच हिशोब परत परत केला. माझी गाडी १०० सीसीची. डिप्परवर असताना तिचा दिवा नीट दाखवतो ३० ते ४० मीटर. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे दगड दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच १७ ते २५ मीटर गेले. त्यानंतर थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० च्या वर. बेरीज दिव्याच्या बाहेर जाते. ४० ला तीच बेरीज २५ च्या आसपास येते. त्या रात्री मी ४५ च्या पुढं होतो आणि डोळे दिपलेले. तरी हात ढिला केला नव्हता, कारण रस्ता रोजचा.

आता अंधारात माझा दिवा पोचतो त्याच्या आत मला थांबता आलं पाहिजे, एवढंच बघतो. समोरच्यानं अप्पर मारला की त्याच्या दिव्याकडं न बघता माझ्या डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीकडं बघतो आणि लगेच ॲक्सिलरेटर सोडतो. डोळे परत जुळेपर्यंत हळूच.

तुमच्या भागातल्या रस्त्यांवर काय काय होतं ते लिहा. निपाणी, खानापूर, चंदगड, सगळीकडचं.

निपाणकर_८१

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं हायवेवर वेगळंच. पुणे-बंगळूर रस्ता, आता ज्याला ४८ नंबर म्हणतात, तिथं सर्व्हिस रोड असूनही लोक वळसा वाचवायला उलट्या बाजूनं येतात. रात्री दिवा बंद करून येणारेही आहेत. मी सगळ्यात डावीकडच्या कडेला चिकटून जाणं सोडून दिलंय. कडेला चिकटलं की उलटा येणारा थेट अंगावर आणि चुकवायला जागा नाही. लेनमध्ये थोडा आत राहतो, आरसा बघत.

वंटमुरीच्या घाटात उतारावर ट्रक मागून कसे येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रकच्या केबिनखाली, डाव्या बाजूला, आपण त्याला दिसतच नाही. ट्रकच्या आरशात मला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही मी दिसत नाही, हे मी मुलाला पहिल्या दिवशी शिकवलं.

नाइटड्यूटी

मी कॅज्युअल्टीत काम करते, कुठल्या ते सांगत नाही. मार्कंडेयकाठ, तुम्ही हेल्मेटचा बंद लावला होता, म्हणून ते डोक्यावर राहिलं. आमच्याकडं येणाऱ्यांत कितीतरी जणांचं हेल्मेट शाबूत असतं आणि डोकं फुटलेलं असतं. नातेवाईक हेल्मेट हातात घेऊन येतात, म्हणतात, घातलं होतं ओ बाई. घातलं होतं, खरं बंद लावला नव्हता. धडकेच्या आधीच ते उडून गेलेलं असतं.

बंद लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मग मागून धरून पुढं ढकलून बघा. निघत असेल तर ते तुमच्या मापाचं नाही. आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा नंबर बघून घ्या. १ जून २०२१ पासून तो मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोप्या विकायला असतातच. त्या हातात घेतल्या की वजनावरून कळतं.

दुसरं, कुणी पडलेला दिसला तर काय करायचं ते लिहिते, कारण इथं जीव जातो तो पुष्कळदा उचलताना. श्वास चाललेला असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, फक्त काच वर करा. मानेचं हाड मोडलेलं असू शकतं. श्वास अडकत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी: एकानं मान आणि डोकं सरळ धरायचं, दुसऱ्यानं हळू काढायचं. पाणी पाजू नका. रिक्षात दुमडून घालू नका. १०८ ला फोन करा, लागला नाही तर ११२. हायवेवर असाल तर १०३३. रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड दाबून धरा आणि मध्येमध्ये उचलून बघू नका.

लोक पोलिसांच्या भानगडीला भिऊन बघत उभे राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ कलम आलंय. मदत करणाऱ्यावर त्यापायी केस होत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत, कॅशलेस उपचाराची केंद्राची योजनाही आहे. दवाखान्यात विचारा.

शिनोळीरोड

मी चंदगड तालुक्यातून रोज बेळगावला कॉलेजला येतो. आमच्या रस्त्यावर एक गोष्ट रोज बघतो. बेळगावात शिरेपर्यंत डोक्यावर असलेलं हेल्मेट परत जाताना सुळगं मागं पडलं की आरशाला अडकतं. शिनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सगळी डोकी मोकळी. दंडासाठी घातलेलं हेल्मेट दंड संपला की उतरतं. वेंगुर्ला रोडला वळणं काही कमी आहेत का?

आणि एक अडचण. मला कन्नड वाचता येत नाही. बोर्डावर चिन्ह असेल तर कळतं, नुसती अक्षरं असतील तर नाही. कुणीतरी चार शब्द लिहून द्याल का?

वडगावची_लेक

शिनोळीरोड, हे घे भावा. उच्चार देते, बोर्ड बघताना कुणाला तरी विचारून अक्षरं ओळखीची करून घे.

निधानवागि चलिसि म्हणजे हळू चालवा. मुंदे म्हणजे पुढे. तिरुवु म्हणजे वळण. रस्ते उब्बु म्हणजे हंप. सेतुवे म्हणजे पूल. शाले म्हणजे शाळा. एच्चरिके म्हणजे सावधान. अपघात वलय शिकवायला नको, अपघात हा शब्द दोन्हीकडं तोच. मला सगळ्यात उपयोगी पडला तो रस्ते उब्बु. पट्टे न मारलेले हंप आपल्याकडं किती आहेत, आणि मागं बसलेली बाई त्यावर कशी उडते, ते मागं बसणारीलाच माहीत.

त्यावरूनच लिहिते. माझी आत्ते अशीच पडली. वडगावातून शहापूरला लग्नाला निघालेली, एका बाजूला बसून, एका हातात आहेराची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. पाऊस भुरभुरत होता. वाऱ्यानं छत्री मागं ओढली, तिनं सोडली नाही, आणि हंपवर ती छत्रीबरोबर गेली. गाडी वीसच्या वर नव्हती. खुब्याचं हाड गेलं. आता काठी घेऊन चालते.

छत्री उघडून मागं बसायचंच नाही. रेनकोट घ्या नाहीतर पाऊस थांबेपर्यंत कुणाच्या तरी पडवीला थांबा, उशीर झाला तर झाला. साडी असेल तर पदर कमरेला खोचा. ओढणी दोन्ही टोकं पाठीमागं गाठ मारून आत घाला, नुसती गळ्यात नको. आणि गाडी घेतल्यावर साडीगार्ड काढून टाकणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे, ते लोखंड आईसाठी दिलेलं असतं. तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून.

मागच्या माणसालाही हेल्मेट लागतं. कर्नाटकात २०१६ पासून सक्तीच आहे. आत्तेच्या डोक्यावर नव्हतं, डोक्याला लागलं नाही ही देवाची कृपा.

साधामाणूस

सगळं बरोबर आहे, खरं गावातल्या गावात हेल्मेट कशाला? खडेबाजारात, गणपत गल्लीत गाडी दहाच्या वर जात नाही. उन्हाळ्यात डोकं शिजतं. आणि कानावर पॅक बसल्यानं मागचा हॉर्न ऐकू येत नाही. ज्याची वेळ भरली तो घरातपण पडतो.

नाइटड्यूटी

साधामाणूस, रागावून लिहीत नाही. गाडी उभी असताना तोल जाऊन कडेच्या दगडावर डोकं आपटलेले लोक मी बघितलेत. माणसाच्या उंचीवरून डोकं सरळ खाली आलं तरी पुरतं. हेल्मेटमधून हॉर्न ऐकू येतो, कमी होतो तो वाऱ्याचा आवाज. घाम होतो हे खरं, त्यासाठी आत सुती टोपी घाला आणि रोज धुवा. वेळ भरण्याबद्दल मी काय बोलू? ज्यांची वेळ भरली म्हणून घरचे रडतात, त्यांतले पुष्कळ जण वाचण्यासारखे होते. मी तिथंच उभी असते.

साधामाणूस

बरं बाई. घालतो. मनापासून सांगतो, तुमचं वाचून बायकोनंपण सुनावलं.

गॅरेज_शहापूर

मी २२ वर्षं गॅरेज चालवतोय. गाडी आली की आधी पुढचा ब्रेक दाबून बघतो. दहातल्या निम्म्या गाड्यांचा लिव्हर मुठीला टेकतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, पुढचा मारला की गाडी उलटते म्हणून वापरतच नाही. हे डोक्यातून काढा. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची जास्त ताकद पुढच्याचीच. उलटते ती कचकन दाबल्यावर, नाहीतर हँडल वळलेलं असताना, वाळूवर दाबल्यावर. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकदम आणि पुढचा लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू जोर वाढवत. मोकळ्या मैदानात रविवारी दहा-वीसदा करून बघा, हाताला सवय होते. ऐन वेळी हात सवयीचंच करतो.

एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. त्याखालच्यांना बहुतेक सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही थोडे लागतात. एबीएसवाल्यांनी संकटात पूर्ण दाबून धरायचा, लिव्हर थरथरला म्हणून सोडायचा नाही. ते त्याचं कामच.

टायर बोडका झाला की पावसात गाडी पाण्यावर तरंगते. टायरच्या बाजूला बारीक त्रिकोण असतो, त्याच्या सरळ वर खाचेत एक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याला आला की बदलायचा, पंक्चर होईपर्यंत वाट बघायची नाही. हवा आठवड्याला बघा. आणि एक साधी गोष्ट: रात्री गाडी भिंतीकडं पाठ करून लावा, ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड पडतो का बघा. ब्रेक लाइट गेलेला मालकाला कधीच कळत नाही, मागच्यालाच कळतो.

बाहेरून पांढरे लखलखीत एलईडी लावून घेणाऱ्यांना मी आता नाही म्हणतो. मार्कंडेयकाठ, तुम्हाला आंधळं करणारा दिवा कुणीतरी असाच पाचशे रुपयांत लावून दिलेला असणार.

कणकुंबीचा_पाऊस

खानापूर तालुक्याचं मी लिहितो. जांबोटी सोडून पुढं चोर्ल्याच्या घाटाला लागलात की पावसाळ्यात रस्ता वेगळाच असतो. झाडांच्या सावलीत जिथं ऊन पोचत नाही तिथं डांबरावर शेवाळ धरतं, हिरवं दिसतही नाही, फक्त थोडं गडद. वळणाच्या आतल्या बाजूला जास्त. ओला पाला तसाच. आणि धुकं आलं की लोक अप्पर लावतात, त्यानं समोर पांढरी भिंतच उभी राहते. धुक्यात डिप्परच हवा.

शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणारी पोरं उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. घाटात हे करू नका. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापतात आणि खाली येईपर्यंत लागेनासे होतात.

पहिल्या पावसाचा दिवस मी शक्यतो गाडी काढत नाही. चार महिन्यांचं सांडलेलं तेल पाण्यावर येतं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर ओले रूळ तसेच, साबणासारखे. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे, तिरकं गेलात की चाक खाचेत बसतं. रूळावर असताना ब्रेक नाही, वळण नाही.

ऊसकरी

इतका वेळ वाचत होतो, लिहू की नको करत होतो. मी पश्चिम भागातलाच शेतकरी, आणि माझा ऊस असल्याच ट्रॉल्यांतून जातो. मार्कंडेयकाठ, तुमचं वाचून वाईट वाटलं. बाजू मांडायची म्हणून नाही, दिवा का नसतो ते कळावं म्हणून लिहितो.

ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, मागची तिसऱ्याची. रोज जोड्या बदलतात. मागच्या दिव्याची वायर ट्रॅक्टरपासून दोन ट्रॉल्या ओलांडून न्यावी लागते, ती फडातून निघतानाच तुटते. आणि दिवा चालू असला तरी उपयोग काय? ऊस मागं दोन-दोन हात बाहेर आलेला असतो. त्याच्या शेंड्यांखाली दिवा, रिफ्लेक्टर, नंबर सगळं झाकून जातं. दिवसा ट्रॉली बघून पोलीस पण म्हणतात, आहे की रिफ्लेक्टर. रात्री भरलेली बघितली तर काहीच नाही.

म्हणून नुसती टेप मारून भागत नाही. आम्ही गेल्या हंगामात तीन ट्रॉल्यांना एक उपाय करून बघितला. जुन्या पत्र्याचा दीड हात लांब तुकडा, त्यावर लाल रिफ्लेक्टर टेप, दोन्ही टोकांना तार. ऊस भरून झाला, दोरखंड आवळले, की सगळ्यात शेवटी तो पत्रा बाहेर आलेल्या उसालाच बांधायचा. कारखान्यावर रिकामी करताना सोडून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायचा. वायर नाही, बॅटरी नाही. मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानं लांबून पेटल्यासारखा दिसतो.

बैलगाड्यांचं त्याहून वाईट. तोडणीला आलेल्या बीडकडच्या लोकांची बायका-पोरं त्यावरच झोपलेली असतात. त्यांना कुणी टेप देत नाही.

मार्कंडेयकाठ

ऊसकरी दादा, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. त्या रात्री मला उचलून कडेला बसवणारा तो ट्रॉलीचा ड्रायव्हरच होता. माझा फोन शोधून घरी त्यानंच लावला. त्याच्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता.

ती दगडं मात्र दुसऱ्या दिवशीही तिथंच होती. ट्रॉली दुरुस्त होऊन गेली, दगडं रस्त्यातच. माझ्या भावानं जाऊन उचलली. तेवढं ड्रायव्हर मंडळींना सांगा, निघताना दगड बाजूला करायला. आणि दगडांऐवजी तो तुमचा पत्राच मागं पन्नास पावलांवर उभा केला तर?

ऊसकरी

होय, तेही करता येतं. पत्र्याला मागून एक टेकू लावला की उभा राहतो. दगडांचं सांगतो सगळ्यांना.

गॅरेज_शहापूर

माझ्याकडं जुन्या पत्र्याचे तुकडे ढीगभर पडलेत. कापून, कडा घासून देतो, पैसे नकोत. किती हवेत ते सांगा. टेप चांगली घ्या, मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. स्वस्तातली नुसती चमकणारी घेतली तर एका हंगामात पापुद्रे निघतात.

वडगावची_लेक

टेपचे पैसे मी आणि माझ्या मैत्रिणी गोळा करतो. बैलगाड्यांचं पण करूया. मागच्या फळीला आणि जूच्या दोन्ही टोकांना.

मार्कंडेयकाठ

मग ठरवूनच टाकूया. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, आमच्या गावच्या वजनकाट्याजवळ. भरलेल्या ट्रॉल्या तिथं रांगेत थांबतात, त्यामुळे ऊस कुठंवर बाहेर येतो ते बघून पत्रा बांधता येईल. गॅरेजवाले, सध्या ३० तुकडे पुरेत. टेप चिकटवायच्या आधी पत्र्यावरची माती आणि तेल पूर्ण पुसावं लागतं, तेव्हा प्रत्येकानं एक ओलं आणि एक कोरडं फडकं आणा. येणाऱ्यांनी हेल्मेट घालून यायचं, बंद लावून.

शिनोळीरोड

मी येतो. कॉलेजातले चौघे आणतो. एका पत्र्यावर निधानवागि चलिसि आणि दुसऱ्यावर हळू चालवा लिहू का? कन्नड अक्षरं ताई तुम्ही काढून द्या, मी गिरवतो.